कोठडीचे भाडे कैद्याकडूनच?

"कैद्यांना आमच्या करातून फुकट का पोसायचे? खर्च त्यांच्याकडूनच वसूल करा," असे म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात ती शेकडो वर्षे अमलात होती आणि तिने काय केले याची नोंद आहे.

अठराव्या शतकात तिथल्या बहुतेक तुरुंगाधिकाऱ्यांना पगारच नसे. कैद्याकडून उकळलेली फी हीच त्यांची कमाई. अंथरुणाला पैसे, बेड्या हलक्या करायला पैसे, सुटतानाही पैसे. लंडनच्या फ्लीट तुरुंगाचे वॉर्डनपद तर विकत मिळे. जॉन हगिन्सने ते ५,००० पौंडांना स्वतःच्या आणि मुलाच्या हयातीपुरते घेतले होते. १७२८ मध्ये त्याने ते तेवढ्याच रकमेला थॉमस बॅम्ब्रिज आणि त्याच्या भागीदाराला विकले. आपल्या भाषेत याला वतनच म्हणतात. (महारवतन मात्र नव्हे. त्यात राबणाऱ्याच्या पदरी अपमानच पडे, म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.)

५,००० पौंड ओतणारा ते कोणाकडून काढणार? रॉबर्ट कॅस्टेल हा वास्तुविद्येवर ग्रंथ लिहिणारा माणूस कर्जापायी फ्लीटमध्ये आला. मागेल तेवढे पैसे देता येईनात, तेव्हा बॅम्ब्रिजने त्याला देवीची साथ असलेल्या घरात डांबले. मला देवी येऊन गेलेल्या नाहीत, अशी विनवणी त्याने केली. तो तिथेच देवीने मेला. १७२९ मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केली, बॅम्ब्रिजवर खुनाचा खटला भरला आणि तो निर्दोष सुटला.

फी तशीच राहिली. १७७३ मध्ये जॉन हॉवर्ड बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. त्याला दिसले की न्यायालयाने निर्दोष ठरवलेली माणसेही फी भरेपर्यंत पुन्हा कोठडीत ढकलली जातात. तुरुंगाधिकाऱ्याला पगार द्या, असे त्याने सुचवले. न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारले, असा पायंडा कुठे आहे? तो शोधत हॉवर्ड शेजारच्या परगण्यांत फिरला. पायंडा सापडला नाही, अन्याय मात्र सगळीकडे तोच सापडला. १७७४ मध्ये संसदेने कायदा करून निर्दोष सुटलेल्यांची फी बंद केली आणि तो भार सार्वजनिक तिजोरीवर टाकला.

एवढे सगळे माहीत असूनही अमेरिकेत अनेक राज्ये कैद्यांना खोलीभाडे लावतात. कनेक्टिकटमध्ये हा दर दिवसाला २४९ डॉलर होता.

आणि आपल्याकडे? भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी गौतम नवलखा यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून नवी मुंबईत नजरकैदेची परवानगी दिली, आणि पहाऱ्याच्या खर्चापोटी २ लाख ४० हजार रुपये आधी भरून घेतले. एप्रिल २०२४ मध्ये एनआयएने १ कोटी ६४ लाखांची थकबाकी सांगितली. नजरकैद त्यांनीच मागितली होती, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. पण दाराशी पोलीस हवे होते ते सरकारला. शिवाय ही सोय दराने मिळणार असेल, तर भारतीय तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांनी, ज्यांत दलित, आदिवासी आणि ओबीसींचाच भरणा आहे, ती मागायची तरी कशी?

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवलखांच्या जामिनाला उच्च न्यायालयाने दिलेली स्थगिती उठवली आणि या खर्चापोटी २० लाख रुपये भरण्याची अट घातली. तोवर त्या खटल्यात आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.