तार निर्दोष होती

लोखंडी खिळ्याभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक करण्याचा प्रयोग आपण वर्गात करतोच. वेढे वाढवले, प्रवाह वाढवला, की चुंबक जोरकस होतो. पण तार तापू लागते आणि तिथे आपला हात थांबतो. तार तापलीच नाही तर?

हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनस यांच्या प्रयोगशाळेत १९११ साली असे आढळले, की सुमारे ४.२ केल्विन तापमानाला पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता. रोध नाही म्हणजे उष्णताही नाही. मग अशा तारेच्या वेटोळ्यातून १ लाख गौसचे, म्हणजे १० टेस्लाचे, चुंबकीय क्षेत्र का मिळू नये? १९१३ साली ओनस यांनी ही कल्पना मांडलीही. परंतु शिशाच्या तारेचे वेटोळे करून पाहिले, तेव्हा अपेक्षेपेक्षा फारच थोड्या प्रवाहाला रोध परत आला. तारेत काही ‘खराब जागा’ असाव्यात, असा त्यांना संशय आला.

खरे कारण निराळेच होते. १९१४ मध्ये त्यांनाच दिसले, की सुमारे ६०० गौसचे चुंबकीय क्षेत्र लावताच शिशाची अतिसंवाहकता नष्ट होते. १९१६ साली अमेरिकेतील फ्रान्सिस सिल्सबी यांनी दोन्ही निरीक्षणांची सांगड घातली. तारेतील प्रवाह स्वतःच चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. ते मर्यादेला पोचले, की अतिसंवाहकता संपते. या प्रवाहाला क्रांतिक प्रवाह म्हणतात.

हे गणित फळ्यावर सहज करता येते. १ मिलिमीटर व्यासाच्या सरळ तारेच्या पृष्ठभागावर ६०० गौस क्षेत्र निर्माण व्हायला १५० अँपिअर प्रवाह लागतो. त्याच तारेचे, एकावर एक दहा थर दिलेले, लांब वेटोळे घ्या. आता सगळ्या वेढ्यांची क्षेत्रे एकत्र येतात आणि आतील थरापाशी तेवढेच क्षेत्र जेमतेम ५ अँपिअरला तयार होते! तार तीच, दोष काहीच नाही. वेटोळ्याचा क्रांतिक प्रवाह नुसती तार मोजून कळत नाही, तो वेटोळ्याच्या घडणीवरही ठरतो.

१९६१ साली जॉन कुन्झलर व सहकाऱ्यांनी दाखवले, की निओबियम आणि कथिल यांचे संयुग ८.८ टेस्ला क्षेत्रातही दर चौरस सेंटिमीटरला १ लाख अँपिअरहून अधिक प्रवाह वाहून नेते. ओनस यांचे स्वप्न आवाक्यात आले. पुढे १९८६ साली बेडनोर्ट्स आणि म्यूलर यांनी उच्च तापमानाचे अतिसंवाहक शोधले. १९८७ मध्ये तर द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनलाही अतिसंवाहक राहणारा पदार्थ मिळाला.

मात्र जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला. हे पदार्थ पातळ फितीच्या रूपात वापरतात, आणि क्षेत्र फितीला समांतर आहे की लंब, यावर तिचा क्रांतिक प्रवाह बदलतो. लंब क्षेत्रात तो बहुधा अधिक घटतो. वेटोळ्याच्या मधोमध क्षेत्र सर्वांत प्रबळ, पण फितीला समांतर असते. टोकांशी ते दुबळे असले तरी वळून फितीवर आडवे येते. त्यामुळे कमकुवत दुवा पुष्कळदा टोकाशी सापडतो.

म्हणून आज चुंबक बांधण्याआधी संगणकावर त्याचे प्रतिमान करतात. एक प्रवाह गृहीत धरायचा, प्रत्येक वेढ्यापाशी क्षेत्राचे मान आणि दिशा काढायची, फितीच्या छोट्या तुकड्यावर आधी घेतलेल्या मापनांशी ती ताडून पाहायची. कुठे दर सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट विभवांतर आले, की मर्यादा गाठली असे मानण्याचा संकेत आहे. अंदाज चुकला, तर तेवढ्याच जागी उष्णता साठून महागडे वेटोळे जळू शकते.

२०१९ साली अमेरिकेत टॅलाहासी येथे अशा फितीच्या चिमुकल्या वेटोळ्याने, ३१.१ टेस्लाच्या चुंबकाच्या पोटात बसून, आणखी १४.४ टेस्लाची भर घातली. एकूण ४५.५ टेस्ला!

खिळ्याचा प्रयोग पुन्हा कराल, तेव्हा विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: तारेने निर्माण केलेले क्षेत्र खुद्द तारेला काय करते?