तिच्या बाजूने कोण?

मूल होत नाही म्हणून बाईला नावं ठेवायला आपल्याकडे शब्द तयार आहेत. वांझ, वांझोटी.. पुरुषासाठी असा रोजच्या तोंडातला शब्द आठवून बघा. पटकन सापडायचा नाही. दोष बाईचाच, हे भाषेनेच ठरवून टाकलंय.

मनुस्मृतीत वांझ बायको असेल तर आठव्या वर्षी दुसरी करायची मुभा आहे. इंग्रजी अमलातही हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची आडकाठी नव्हती. त्यामुळे मूल नसलेल्या बाईच्या डोक्यावर सवतीची टांगती तलवार कायमची. वर डोहाळजेवणाला, बारशाला तिला टाळायचं. मग झोप उडते, अन्न जात नाही, माणसात जावंसं वाटत नाही. याला मनाचा आजार म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती, इतकंच.

अशा काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं उदाहरण मला फार मोठं वाटतं. लग्न १८४० चं, मूल नाही. दुसरं लग्न कर म्हणून घरच्यांनी जोतीरावांना गळ घातली, असं त्यांची चरित्रं सांगतात. त्यांनी ती मानली नाही. पुढे १८७४ मध्ये दोघांनी काशीबाई या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई त्याच्यासोबत रुग्णसेवा करत होत्या, त्यातच त्या गेल्या. दत्तकाची गोष्ट आपण नेहमी सांगतो. पण त्याआधीचा तो नकार जास्त महत्त्वाचा. घरातलं एक माणूस ठाम उभं राहिलं!

कायदा फार उशिरा आला. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदी १९४६ ला, देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ ला. आता आपल्या नंदुरबारचं बघा. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, दोन तृतीयांशांहून जास्त लोक आदिवासी. आणि १९५५ चा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही! तिथे चालते ती रूढी. रूढीने बाईला नवरा सोडून दुसरं घर करता येतं, देजाचा हिशोब पंच मिटवतात. हे चांगलंच. पण जिला त्याच घरात राहायचंय तिचं काय?

१९८६ मध्ये मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. तरी गावात तपासणीला आधी बाईच जाते. खरं तर जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असतं, आणि त्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या (अहवाल १९८९ चा). ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. बायका सोसत होत्या, विचारणारं कुणी नव्हतं.

असो. औषधोपचार डॉक्टर करतील. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. "काय, गोड बातमी कधी?" हे विचारणं बंद करायचं. आणि पुढच्या बारशाला तिलाही आग्रहाने बोलवायचं. आली तर पाळण्याची दोरी तिच्या हातात द्यायची, नाही आली तर रागवायचं नाही.