बूट काढा, बाटली टाका

डिसेंबर 2009च्या शेवटच्या आठवड्यात परदेशातून अमेरिकेला निघालेल्या प्रवाशांना विमानात एक नवा नियम ऐकवला जाऊ लागला. उतरायला तासभर उरला की कुणी जागेवरून उठायचं नाही. मांडीवर चादर, उशी, पिशवी काही ठेवायचं नाही. विमान कुठवर आलं ते दाखवणारा पडद्यावरचा नकाशाही बंद. खिडकीतून खाली अख्खं शहर दिसत असलं तरी नकाशा बंद! थोड्याच दिवसांत हा नियम सैल करून वैमानिकाच्या मर्जीवर सोडला गेला, पण तोवर त्याची पुरेशी टिंगल झाली होती. ज्याला स्फोट करायचा आहे तो दोन तास आधी करेल, हे कळायला कुणी सुरक्षातज्ज्ञ असावं लागत नव्हतं.

नियमामागे घडलेला प्रसंग मात्र खराच होता. 25 डिसेंबरला अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या 253 क्रमांकाच्या विमानात जवळपास 290 माणसं होती. त्यात उमर फारूक अब्दुलमुतल्लब हा 23 वर्षांचा नायजेरियन तरुण होता. पीईटीएन या स्फोटकाची पुडी त्याने अंतर्वस्त्रात शिवून घेतली होती. डेट्रॉइट जवळ आल्यावर तो बराच वेळ स्वच्छतागृहात जाऊन आला, पोट दुखतंय म्हणून अंगावर चादर ओढून घेतली आणि इंजेक्शनच्या सिरिंजमधून रसायन सोडलं. फटाक्यासारखा आवाज झाला, त्याच्या कपड्यांनी आणि विमानाच्या भिंतीने पेट घेतला, स्फोट काही झाला नाही. एक डच प्रवासी खुर्च्यांवरून झेप घेऊन त्याच्यावर पडला, कर्मचाऱ्यांनी आग विझवली. पुढे 2012मध्ये अब्दुलमुतल्लबला जन्मठेप झाली.

दोनच दिवसांनी अमेरिकेच्या गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नॅपोलिटानो यांनी दूरचित्रवाणीवर सांगितलं की यंत्रणेने चोख काम केलं. दुसऱ्या दिवशी त्यांना हे विधान मागे घ्यावं लागलं. कारण बाहेर येत होतं ते वेगळंच होतं. अब्दुलमुतल्लबच्या वडिलांनी, नायजेरियातल्या एका बड्या बँकरने, महिनाभर आधी अबुजातल्या अमेरिकी वकिलातीत स्वतः जाऊन मुलाबद्दल सावध केलं होतं. ब्रिटनने त्याच वर्षी मुलाला व्हिसा नाकारला होता. त्याने तिकीट रोख पैशांनी काढलं होतं. वडिलांच्या सांगण्यावरून त्याचं नाव एका यादीत गेलं, पण त्या यादीत तब्बल साडेपाच लाख नावं होती. विमानात चढू न देण्याची यादी वेगळी, काही हजारांची. त्यात तो नव्हता. अमेरिकेचा व्हिसाही शाबूत राहिला. माहिती हाताशी होती, ती जुळवता आली नाही, हे खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांनी जानेवारीत मान्य केलं.

चुकलं ते कचेऱ्यांमध्ये, वकिलातीच्या फायलींमध्ये. औषध मात्र विमानतळावरच्या रांगेला दिलं गेलं.

हे पहिल्यांदा होत नव्हतं. विमानतळावरच्या प्रत्येक नियमाला त्याची जन्मतारीख असते, आणि ती बहुतेक वेळा कुठल्या तरी घटनेनंतरची असते. अमेरिकेत सरसकट प्रवाशांची झडती सुरू झाली ती 5 जानेवारी 1973ला. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत तिथे दीडशेच्या वर अपहरणांचे प्रकार घडले होते. झडतीने गिऱ्हाईक बिथरेल या भीतीने विमान कंपन्या इतकी वर्षं विरोध करत होत्या. झडती सुरू झाली आणि अपहरणं झपाट्याने उतरली. म्हणजे तपासणी मुळातच फोल, असं म्हणता येत नाही. धातू शोधणारी चौकट बंदूक आणि चाकू अडवते, तेवढं काम ती नेमकं करते.

अडचण पुढे सुरू झाली. डिसेंबर 2001मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड नावाचा इसम बुटात लपवलेलं स्फोटक काडेपेटीने पेटवू पाहत होता. हवाईसुंदरीला जळका वास आला, प्रवाशांनी त्याला पट्ट्यांनी बांधून ठेवलं. यातून अमेरिकेत बूट काढण्याचा शिरस्ता पडला, 2006पासून तर सक्तीने. त्याच साली ऑगस्टमध्ये लंडनमध्ये पेयाच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटक नेण्याचा कट पोलिसांनी पाळत ठेवून उधळला, आणि 100 मिलिलिटरची मर्यादा आली. पण द्रवाचा धोका 2006मध्ये उगवला नव्हता. 1994मध्ये रमझी युसेफ नावाच्या दहशतवाद्याने फिलिपीन एअरलाइन्सच्या विमानात लेन्सच्या औषधाच्या बाटलीतून नायट्रोग्लिसरीन नेलं होतं. तो सेबूला उतरून गेला आणि पुढच्या टप्प्यात स्फोटात एक जपानी प्रवासी गेला. तेव्हापासून बारा वर्षं बाटल्या बिनबोभाट जात राहिल्या. बैल गेला आणि झोपा केला म्हणावं, तर इथे पहिला बैल जाऊनही झोपा झाला नव्हता.

अंतर्वस्त्रातल्या बॉम्बचंही तेच. ऑगस्ट 2009मध्ये, डेट्रॉइटच्या चार महिने आधी, सौदी राजपुत्र मुहम्मद बिन नायेफ यांच्यावर जेद्दाहमध्ये अंगावर लपवलेल्या पीईटीएनने हल्ला झाला होता.

भारतीय वाचकाला या इतिहासातली एक तारीख आधीच ठाऊक असते. 23 जून 1985ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रात कोसळलं आणि 329 जण गेले. ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता, आणि टोरोंटोत सामान तपासणारं क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बंद पडलं होतं. पुढची कित्येक वर्षं भारतात प्रवाशाला विमानाजवळ उभं राहून आपली बॅग ओळखून दाखवावी लागे. मालकाशिवाय बॅग जाणार नाही, हा नियम कंटाळवाणा खरा, पण त्याला अर्थ होता, कारण तो नेमकी फट बुजवत होता. हातातल्या सामानाच्या टॅगवरच्या शिक्क्याबद्दल असं म्हणणं कठीण. मुंबई, दिल्लीसारख्या सात विमानतळांवर तो 2017मध्ये बंद झाला, आणि कुणाला त्याची उणीव भासल्याचं दिसलं नाही.

डेट्रॉइटनंतर आरपार पाहणाऱ्या स्कॅनरची खरेदी जोरात सुरू झाली. एकेक यंत्र दीड लाख डॉलरच्या आसपास. त्यांची वकिली करणाऱ्यांत आधीचे गृहसुरक्षा मंत्री मायकेल चेर्टॉफ आघाडीवर होते, आणि स्कॅनर बनवणारी रॅपिस्कॅन कंपनी त्यांच्या सल्लागार संस्थेची ग्राहक निघाली. यंत्र माणसाला कपड्यांविना दाखवायचं, म्हणून लोक संतापले. नको असेल त्याची अंगझडती होणार होती, तीही सगळ्यांदेखत. 4 डिसेंबर 2010ला मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन विमानतळावर भारताच्या राजदूत मीरा शंकर यांना बाजूला काढून झडती घेतली गेली. कारण काय, तर त्यांनी साडी नेसली होती आणि साडी सैल कपड्यांत मोडते. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी निषेध केला. भारतात ही बातमी गाजणारच होती. या हिशेबाने साडी नेसून मुलाकडे अमेरिकेला निघालेली प्रत्येक आई संशयित ठरत होती.

शंका घेणाऱ्यांमध्ये सर्वांत ऐकला गेलेला आवाज अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांचा. या प्रकाराला सुरक्षेचं नाटक हे नाव त्यांनी 2003मध्येच दिलं होतं. त्यांच्या मते 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यांनंतर विमानप्रवास सुरक्षित करणाऱ्या गोष्टी दोनच: वैमानिकाच्या कक्षाचं मजबूत दार, आणि गप्प बसायचं नाही हे प्रवाशांना आलेलं भान. रीड आणि अब्दुलमुतल्लब या दोघांनाही अडवलं ते प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनीच. पण श्नायर सरळसोट टीकाकार नव्हते, हे त्यांचे चाहते विसरतात. साधा, भरवशाचा बॉम्ब तपासणीतून नेता येत नाही, म्हणूनच अब्दुलमुतल्लबला सिरिंजचा तो अर्धवट उपद्व्याप करावा लागला आणि तो फसला, असंही त्यांचं म्हणणं होतं. जुन्या चौकटीला हे श्रेय द्यायलाच हवं. ते नव्या स्कॅनरचं नव्हतं. सरकारी लेखापरीक्षकांनी मार्च 2010मध्ये लिहिलं की डेट्रॉइटचा बॉम्ब या यंत्राला सापडलाच असता असं सांगता येत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये येमेनहून निघालेल्या प्रिंटरच्या काडतुसांमध्ये पीईटीएन मिळालं. एक पार्सल दुबईत, दुसरं इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स विमानतळावर. इंग्लंडमध्ये पहिल्या तपासणीत काहीच हाती लागलं नव्हतं, सौदी गुप्तहेरांची खबर पक्की होती म्हणून पुन्हा शोधलं गेलं. तिकडे प्रवासी चपला हातात घेऊन रांगेत उभे, आणि इकडे मालवाहू विमानाच्या पोटात हे.

रॅपिस्कॅनची सुमारे 250 यंत्रं 2013मध्ये हटली, पण ती निरुपयोगी म्हणून नव्हे. नग्न आकृतीऐवजी साधी बाहुली दाखवणारं सॉफ्टवेअर कंपनीला मुदतीत जमलं नाही, एवढंच. वर्षभराने काही अमेरिकी विद्यापीठांच्या संशोधकांनी ईबेवरून घेतलेल्या तशाच यंत्रावर प्रयोग केले. पिस्तूल शरीराच्या कडेला चिकटवलं की ते काळ्या पार्श्वभूमीत दिसेनासं होई. 2015मध्ये गृहसुरक्षा खात्याच्याच माणसांनी वेश पालटून बनावट बॉम्ब आणि शस्त्रं नेऊन पाहिली. बातमी फुटली तेव्हा कळलं की 70पैकी 67 वेळा ते निसटले. तपासणी संस्थेच्या हंगामी प्रमुखांची बदली झाली.

या सगळ्याची एक किंमत रांगेबाहेरही मोजली गेली. 11 सप्टेंबरनंतर विमान टाळून मोटारीने गेलेल्यांमध्ये वर्षभरात सुमारे दीड हजार जास्तीचे मृत्यू झाले, असा जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांचा अंदाज आहे. त्यात मुख्य वाटा भीतीचा होता, तपासणीचा त्रास त्यात पुढे मिसळला.

बूट काढण्याची सक्ती अमेरिकेने जुलै 2025मध्ये उठवली. रीडला पकडून तेव्हा तेवीस वर्षं उलटून गेली होती. बाटल्यांची मर्यादा तेव्हाही जागच्या जागी होती.