उटीचे दगडी घर

उटीला सहल गेली की मुले तळे पाहतात, छोट्या आगगाडीत बसतात आणि परततात. शासकीय कला महाविद्यालयाच्या आवारातल्या जुन्या बंगल्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. उटीतले हे पहिले युरोपीय घर. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन याने १८२२ मध्ये ते बांधायला घेतले. स्थानिक लोक त्याला 'कल बंगला' म्हणू लागले. कल म्हणजे दगड.

नाव दगडावरून पडले यात नवल नाही. इथले तोडा लोक बांबू, वेत आणि गवताची घरे बांधत. आडव्या पिंपाचा वरचा अर्धा भाग जमिनीवर ठेवावा, तशी त्यांची गोल पाठ. दार इतके ठेंगणे की रांगतच आत शिरावे लागे. पण दार लहान म्हणून वारा कमी आणि ऊब टिकते. तेही शास्त्रच झाले!

साहेब वर का आला, याचे उत्तर विद्यार्थ्यांना गणित करून काढता येईल. कोइमतूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४१० मीटरवर, उटी २२४० वर. दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. म्हणजे जवळजवळ १२ अंशांचा फरक. १८१९ मध्ये सलिव्हनबरोबर फ्रेंच निसर्गअभ्यासक लेशनो हाही वर आला होता. तो आजारी होता, डोंगरावर त्याची प्रकृती सुधारली.

पुढे सलिव्हनने इथे बटाटा आणि इतर विलायती भाज्या लावल्या, ओढा अडवून तळे करवले. घरासाठी जमीन मात्र तोडांची होती. ती त्याने एकरी एक रुपया दराने घेतली, असे सांगतात. ज्यांचे सारे जगणे म्हशी आणि कुरणांभोवती फिरत होते, त्यांना 'विकणे' म्हणजे कायमचे देणे, हे कितपत उमगले असेल? गंमत अशी, की हे डोंगर तोडांच्या मालकीचे आहेत आणि त्यांना मोबदला मिळाला पाहिजे, असे सरकारशी भांडून सांगणाराही सलिव्हनच. मद्रासचा गव्हर्नर लशिंग्टन याच्याशी त्याचे यावरून बिनसले. मला तरी त्याला एका रकान्यात बसवता येत नाही.

१८३८ मध्ये त्याची पत्नी आणि मुलगी वारल्या. दोघींच्या कबरी उटीच्या सेंट स्टीफन्स चर्चच्या दफनभूमीत आहेत. कुरणांवर पुढे ऑस्ट्रेलियातून आणलेली बाभूळवर्गीय झाडे आणि निलगिरी लावली गेली. आज पाहुण्यांना हेच इथले मूळचे जंगल वाटते. तिथे पूर्वी गवत होते, आणि गवतात म्हशी.