कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही

कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही (सीआयएल) हा इंग्लंड व वेल्समध्ये नव्या बांधकामावर आकारला जाणारा स्थानिक विकास आकार आहे. प्लॅनिंग अ‍ॅक्ट २००८ मध्ये त्याची तरतूद असून त्याचे नियम ६ एप्रिल २०१० पासून लागू झाले. त्यातून रस्ते, शाळा, उद्याने इत्यादींसाठी निधी उभा राहतो.

आकारणी

हा आकार लावणे स्थानिक प्राधिकरणांवर बंधनकारक नाही. दर प्रतिचौरस मीटर असतो व विभागानुसार बदलू शकतो. सामाजिक गृहनिर्माणाला सवलत मिळते. लंडनच्या महापौरांनी २०१२ पासून क्रॉसरेल या रेल्वेमार्गासाठी स्वतंत्र आकार लागू केला.

घरबांधणीवरील परिणाम

दर ठरवताना निधीची गरज आणि प्रकल्पांची आर्थिक व्यवहार्यता यांत समतोल साधावा लागतो. प्रस्तावित दर स्वतंत्र परीक्षक तपासतो. आकाराचा भार तत्त्वतः जमिनीच्या किमतीवर पडतो. मात्र त्यामुळे किंमत फार घटल्यास मालक जमीन विकत नाही व घरे रखडतात. म्हणून घरांच्या किमती कमी असलेल्या भागांत काही प्राधिकरणे शून्य दर ठेवतात. कलम १०६ खालील करारांत वाटाघाटीस वाव असतो, सीआयएलमध्ये तो सहसा नसतो. त्यामुळे प्रकल्प तोट्यात जाऊ लागल्यास कपातीची कुऱ्हाड बहुधा करारातील परवडणाऱ्या घरांवर पडते.