फिस्केबीच्या शेंगांचं मूळ कुळ

एडामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या, हिरव्या शेंगा. उकडून, मीठ लावून दाणे खायचे. जपानात त्या जुन्याच. निचिरेन या बौद्ध भिक्षूच्या १२७५ सालच्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. पण उत्तर युरोपातल्या परसात त्या पिकू लागल्या कशा? या प्रश्नाचं उत्तर मला स्वीडनमधल्या नॉरशॉपिंगजवळच्या फिस्केबीत सापडलं.

युरोपातल्या सोयाबीनचं श्रेय सहसा फ्रीड्रिख हाबरलांट यांना देतात. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांना बियाणं मिळालं, त्यांनी ते ठिकठिकाणी पेरवलं, १८७८ मध्ये पुस्तकही लिहिलं. त्यांचं काम मोठंच. पण व्हिएन्ना ४८ अंश उत्तरेला, नॉरशॉपिंग ५८च्याही वर. खरा पेच या दहा अंशांत आहे.

अडचण नुसत्या थंडीची असती, तर काचघरानं भागलं असतं. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी बिलॉक्सी हे सोयाबीनचं वाण वेगवेगळ्या तारखांना पेरून पाहिलं. लवकरचं असो की उशिराचं, फुलोरा आला तो सप्टेंबरच्या सुमारास. दिवस लहान होईपर्यंत झाड थांबतं, हे त्यांनी १९२० मध्ये मांडलं. नॉरशॉपिंगला जूनचा दिवस अठरा तासांचा. आपल्या विदर्भातलं खरिपाचं बियाणं तिथं नुसतंच वाढत राहील आणि दाणा भरण्याआधी कडाक्याच्या थंडीत सापडेल.

फिस्केबीच्या स्वेन होल्मबर्ग यांनी १९४०च्या आसपास उत्तर जपान आणि साखालीनकडचं बियाणं मिळवलं आणि त्यातून लांब दिवसांतही फुलणारी, गार रात्री सोसणारी ठेंगणी वाणं घडवली. ‘फिस्केबी ५’ त्यांतलंच. मग मूळ कर्तबगारी कुणाची? माझ्या मते उत्तर जपानच्या शेतकऱ्यांची. जी झाडं आधी पिकली, त्यांचंच बी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलं असणार. याला जनुकांचीही साक्ष आहे. प्रकाश ओळखणाऱ्या फायटोक्रोमच्या एका जनुकात डीएनएचा उडता तुकडा घुसून ते निकामी झालेलं आढळतं, तेही उत्तर जपानच्या जुन्या वाणांत. दिवसाच्या लांबीचा धाक असा सुटतो.

कुणी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधलं एल्विन मीडर यांचं ‘एन्व्ही’ पुढं करतील. वाण उत्तम आहे, पण न्यू हॅम्पशायर आणि होक्काइदोतलं साप्पोरो दोन्ही ४३ अंशांच्या आसपास. स्वीडनची परीक्षा त्याहून कठीण होती.

तेव्हा थंड मुलखात लावायचं तर आधी वाण लवकर पिकणारं निवडावं. माती १५ अंशांच्या वर गेल्यावरच पेरावं, नाहीतर बी कुजतं. तिथल्या मातीत सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू सहसा नसतात. ते बियाण्याला चोळावे लागतात. लवदार शेंगेत दाणे टपोरे भरले, पण साल अजून हिरवीगार आहे, तेव्हाच तोडणी करावी. ही काळजी माळ्याच्या हातची. लांब दिवसांत फुलण्याची सवय मात्र त्या बियाण्याला उत्तर जपाननंच लावली.