नाण्यावरचे नाव, सर्व्हरचे नाव

१/ शाहआलम दुसरा १८०६ साली निवर्तला. तरीही ईस्ट इंडिया कंपनीच्या टाकसाळींतून त्याच्या नावाचे रुपये १८३५ पर्यंत पडत राहिले. नाव बादशहाचे, सत्ता कंपनीची. संगणकाच्या इतिहासातही नावाची अशीच चिकित्सा करावी लागते. #थ्रेड

२/ सर्व्हरवरील स्क्रिप्टने आपण कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत आहोत हे कसे ओळखावे? प्रश्न क्षुल्लक नाही. विंडोज आणि युनिक्स यांच्या आज्ञा वेगळ्या, फाइलचे मार्ग लिहिण्याची रीतही वेगळी. ओळख चुकली की पुढचे सारे चुकते.

३/ युनिक्समध्ये यासाठी 'युनेम' रूढ झाले. १९८८ च्या पॉझिक्स प्रमाणकाने त्याला पाच रकाने दिले: सिस्टीम, यंत्राचे नाव, रिलीज, आवृत्ती, हार्डवेअर. त्यांत काय लिहावे, हे मात्र निर्मात्यावर सोडले.

४/ परिणाम पाहा. सन कंपनीने १९९२ मध्ये बीएसडी परंपरेतील सनओएस मागे टाकून 'सिस्टीम फाइव्ह'वर आधारलेली सोलारिस आणली. राजवट पालटली, पण 'युनेम' सनओएस हेच नाव सांगत राहिले. बदल कळे तो केवळ रिलीजच्या आकड्यावरून.

५/ पुढे पीएचपीत 'पीएचपी_ओएस' या स्थिरांकात 'विन' ही अक्षरे शोधून विंडोज ओळखण्याची प्रथा पडली. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली. तिच्या गाभ्याचे नाव डार्विन, आणि 'डार्विन'मध्येही 'विन' आहेच! अशा तपासणीत मॅक विंडोज ठरे. म्हणून नावाची पहिली तीन अक्षरेच ताडून पाहण्याची रीत आली.

६/ आणखी एक भेद. 'पीएचपी_ओएस' सांगतो ती पीएचपी ज्या सिस्टीमसाठी घडवली गेली ती. प्रत्यक्ष चालू यंत्राची माहिती 'पीएचपी_युनेम' देते. नाणे कोठे पाडले आणि कोठे सापडले, हे दोन निराळे प्रश्न असतात, तसेच हे. २०१७ च्या ७.२ आवृत्तीत 'पीएचपी_ओएस_फॅमिली' आला आणि नावाऐवजी कुळ विचारता येऊ लागले.

७/ १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी आरंभलेल्या ऑटोकॉन्फने तर नाव विचारणेच टाळले. हवी ती सोय येथे आहे काय, हे ते छोटा प्रोग्राम चालवून पाहते.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावे ते इतकेच: नाव हा पुरावा आहे, निर्णय नव्हे. नाणे हाती आले की नाव वाचावे. मग टाकसाळ कोणाच्या ताब्यात होती, हेही विचारावे.